सलूनमधली रायफल

सलूनवाल्याकडची ती जुनी रायफल घ्यायची की नाही, हे आक्कानं ठरवायचं होतं. नवऱ्यानं तसं जाहीरच करून टाकलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आक्का हे काही तिचं नाव नव्हे. धाकट्या दिरानं तशी हाक मारायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळी गल्लीच तिला आक्का म्हणायला लागली, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. तिच्या नवऱ्याला कारखान्यात नाव पडलं होतं सूतभर. उभा जन्म लोखंड कातायच्या लेथवर गेला, आणि "सूतभर इकडे नको, सूतभर तिकडे नको" एवढंच त्यांचं बोलणं; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हाताखालची पोरं पाठीमागं म्हणायची, मग तोंडावर म्हणायला लागली, आणि शेवटी निवृत्तीच्या दिवशी साहेबसुद्धा भाषणात "आपले सूतभर" म्हणून मोकळे झाले. सूतभरांनी त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. उलट घरी येऊन सांगितलं, "साहेबांना भाषण जमलं नाही, पण नाव बरोबर घेतलं."

त्यानंतर मात्र सूतभर जे आडवे झाले ते आडवेच. आजार असा नव्हता. डॉक्टरांनी तपासलं, छाती ठोकली, जीभ बघितली आणि म्हणाले, काही नाही. त्या 'काही नाही'नंच आक्काचा जीव टांगणीला लागला. दुखणं असतं तर औषध आणलं असतं. हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. रेडिओ लावला तरी चालायचं, बंद केला तरी चालायचं. बूट पलंगाखाली गेले ते तिथंच राहिले, त्यांवर धूळ बसली. लेक फोनवर म्हणायची, "आई, बाबांना जरा बाहेर घेऊन जात जा ना."

"घेऊन कसं जाऊ? गळ्यात पट्टा बांधून?" आक्का म्हणायची आणि फोन ठेवल्यावर पदराच्या टोकानं डोळे पुसायची.

शेवटी दाढी इतकी वाढली की तिनं त्यांना अक्षरशः ढकलून सलूनमध्ये धाडलं. तासाभरानं परत आले ते वेगळेच. दाढी तुळतुळीत होती, ती तर असणारच, पण डोळे उघडे होते. पायातले बूट न काढताच ते ताटावर बसले आणि सांगायला लागले.

"सलूनवाला दुकान बंद करतोय. लेकीकडे राहायला चाललाय. सगळं विकतोय. त्याच्या भिंतीवर ती ठासणीची बंदूक आहे बघ, पुढून तोंडातून दारू भरायची, गोळी टाकायची आणि गजानं ठासायचं, तसली. मी इतकी वर्षं बघतोय आणि कधी नीट बघितलीच नाही. अगं, साधी बंदूक नाही ती, रायफल आहे! नळीत आतून पेच आहेत. नळी बाहेरून आठकोनी. चापाची स्प्रिंग कुणीतरी हातानं ठोकून केलीय. लाकडी दस्त्याला चीर गेलीय, पण ती बसवता येईल. घोडा ढिला आहे. तोही बसवता येईल."

बोलता बोलता त्यांनी न मागता दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. आक्का बघत राहिली.

"आणून करणार काय तिचं?" तिनं विचारलं.

"दुरुस्त करणार."

"आणि दुरुस्त झाल्यावर?"

सूतभर भाताचे ढीग करत बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "एकदा उडवून बघणार," ते म्हणाले. "एकदाच."

मग आक्काच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी घाईनं जोडलं, "तू चल बघायला. तू उस्तादाची लेक. तू हो म्हणालीस तर घेऊ, नाही म्हणालीस तर विषय संपला."

ते भांडले असते, हट्टाला पेटले असते, तर बरं झालं असतं. भांडणात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हे त्यांनी निमूटपणे तिच्या पदरात टाकलं, आणि ते तिला उचलवेना.

कारण उस्ताद म्हणजे तिचे वडील. ते बंदुका दुरुस्त करायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं सामान असायचं, आणि ती खोली आक्काला अजून डोळे मिटले की दिसायची: ओळीनं टांगलेल्या कानशी, जवसाच्या तेलाचा वास, खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप, आणि त्या उजेडाकडे नळीचं तोंड करून एक डोळा मिटून आत बघणारे वडील. दस्त्याला तेल चोळायचं काम तिचं होतं. चोळून चोळून तळहात लाकडाच्या रंगाचे व्हायचे. त्याच खोलीत एक दिवस कुणीतरी एक झिजलेली जुनी बंदूक आणली, वडील बाहेर गेले होते, आणि दादानं ती भरून मागच्या पडवीत जाऊन उडवली. नळी फाटली. दादाचा जीव वाचला, डावा डोळा गेला. वडिलांनी त्याच महिन्यात खोलीला कुलूप लावलं आणि पुढं कुणाच्या शेगड्या, कुणाची कुलपं दुरुस्त करत राहिले.

म्हणून 'नाही' म्हणायला तिच्याजवळ कारण होतं, आणि तेही साधंसुधं नव्हतं. पण नाही म्हटलं की हा माणूस जेवून उठेल, बूट काढेल, पलंगाखाली सरकवेल आणि भिंतीकडे तोंड करेल, हेही तिला तितकंच स्पष्ट दिसत होतं. हो म्हटलं तर दादाचा डोळा आठवत होता. रात्र झाली की एक दिसायचं, सकाळ झाली की दुसरं.

जायच्या दिवशी सूतभर सकाळपासून तयार होते. बूट पुसलेले होते, आणि ते तिनं पुसले नव्हते.

सलून लहानसंच होतं. दोन खुर्च्या, त्यांतली एक कायमची मोडकी, तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग. समोर लांबच लांब आरसा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. मागच्या बाजूला हात धुवायची जागा आणि तिच्यापुढं एक फुलाफुलांचा पडदा. निम्मं सामान खोक्यांत भरलं होतं. चालू असलेल्या खुर्चीत पोस्टमास्तर बसले होते, तोंडाला फेस, डोळे मिटलेले, डोकं मागं टाकलेलं.

"या, या, काकू!" सलूनवाला वस्तरा हवेतच धरून म्हणाला. "म्हणजे तपासणी अधिकारी आज स्वतः आले! सूतभरसाहेब म्हणाले होते, बायकोला दाखवल्याशिवाय घेत नाही. मी म्हटलं, अहो, बंदूक घेताय की साडी?"

"साडी घेताना हे बरोबर येत नाहीत," आक्का म्हणाली. "बाहेर उभे राहतात."

पोस्टमास्तर फेसातून हसले.

रायफल आरशाच्या वर दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली होती. सलूनवाल्यानं स्टुलावर चढून ती काढली आणि सूतभरांच्या हातात दिली. सूतभरांनी ती दोन्ही हातांवर घेतली, जसं कुणी न्हाऊन आलेलं मूल घेतं, आणि बाकावर बसून मांडीवर ठेवली. आक्का शेजारी बसली. दस्ता हातांनी झिजून गुळगुळीत झाला होता. चीर होती ती खरीच, पण आडवी नव्हती, लाकडाच्या रेषेनं गेलेली होती. पितळी पट्टीवरच्या नक्षीकामाची पुसत पुसत नुसती सावली उरली होती. आक्कानं दस्त्यावरून तळवा फिरवला आणि तिचा हात तिच्या नकळत गोल गोल चोळायला लागला. तिनं तो झटकन मागं घेतला.

"कुणाची ही?" तिनं विचारलं.

"माझ्या सासऱ्याला एका रखवालदारानं ठेवायला दिली होती. परत न्यायला आलाच नाही. सासरा गेला, दुकान माझ्याकडे आलं, ही त्याबरोबर. शोभेची म्हणून नोंद आहे, तिची काळजी नको. आणि ठेवलीय कशी बघा! दर आठवड्याला तेल घालतो. गंजाचा एक ठिपका दाखवा."

"कान बुजलाय," सूतभर म्हणाले. घोडा जिथं आपटतो तिथं एक छोटासा तुकडा असतो, त्याला आरपार बारीक भोक असतं. ठिणगी त्यातून आत दारूपर्यंत जाते. त्याला कान म्हणतात. "आक्का, पिन आहे का गं?"

आक्कानं पर्समधून सेफ्टी पिन काढून दिली. दिली आणि तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

फुलाफुलांचा पडदा ज्या दांडीवर सरकवला होता ती दांडी साधी नव्हती. लोखंडी, एका टोकाला किंचित फुगीर, दुसऱ्या टोकाला बारीक आटे. जन्म गेला असता तरी आक्कानं ती ओळखली असती.

"तो गज आहे," ती म्हणाली. "बंदुकीचा गज. त्याच्यावर पडदा लावलाय तुम्ही?"

"गज? असेल. सासऱ्यानं लावला. बरोबर मापाचा होता." सलूनवाल्याला त्यात काही वावगं दिसलं नाही. "काढून देतो की."

शेजारी सूतभर मान खाली घालून पिननं कान कोरत होते. पिनेच्या टोकाला काळं, चिकट, मेणासारखं काहीतरी निघत होतं. ते बोटाला पुसायचे आणि पुन्हा कोरायचे. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या ओठांतून जिभेचं टोक बाहेर आलं होतं. बारीक कामाला बसले की ते असंच यायचं. आक्कानं ते पाहिलं आणि तिला वाटलं, हो म्हणून टाकावं. आत्ताच्या आत्ता, आणखी काही न बघता.

सूतभरांनी कानाला ओठ लावून फुंकर मारली. "झाला वाटतं मोकळा," ते म्हणाले.

"मग आता खरा आवाज येईल!" सलूनवाल्यानं वस्तरा खाली ठेवला, हात पुसले आणि रायफल त्यांच्या मांडीवरून उचलली. "काकू, तुम्हाला आमचा खेळ माहीत नाही. मुलं खेळण्यातल्या पिस्तुलाला टिकल्या लावतात ना, त्यातली एक टिकली मी इथं लावतो. चाप ओढला की फट्! म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाचा नंबर. अख्ख्या गावात असं सलून नाही." बोलता बोलता त्यानं खिशातून टिकली काढून थुंकी लावून कानावर चिकटवली, घोडा मागं ओढला आणि नळीचं तोंड खुर्चीकडे वळवलं. "हात वर, पोस्टमास्तर!"

पोस्टमास्तरांनी डोळेही न उघडता चादरीखालून दोन्ही हात वर केले. "दरवेळी तेच," ते फेसातून म्हणाले.

"ठेव खाली!"

तो आवाज आपला आहे हे आक्काला नंतर कळलं. तो वडिलांचा होता. मागच्या खोलीतून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा तसला. सलूनवाला जागच्या जागी थिजला. आक्का कधी उठली, कधी पुढं झाली, तिला काही आठवत नाही. तिनं घोडा आणि कान यांच्यामध्ये आपला अंगठा घातला, नळी छताकडे केली आणि रायफल त्याच्या हातातून अलगद काढून घेतली. मग नखानं टिकली खरवडून टाकली.

"अहो काकू, नुसती टिकली..."

"आधी गज घालून बघायचं," आक्का म्हणाली. "आमच्याकडे पाणी प्यायच्याही आधी ते व्हायचं. काढा तो पडदा."

पडदा निघाला. गज तिनं नळीच्या तोंडातून आत सोडला. रिकाम्या नळीत गज तळाशी आपटला की कसा आवाज येतो ते तिच्या कानात होतं, स्वच्छ, घंटेसारखा. हा आवाज आला तो 'ठप्' असा. चिखलात काठी टेकल्यासारखा. तिनं नळीच्या तोंडाशी गजावर नखानं धरलं, गज बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. गजाचं टोक कानापर्यंत पोचायला हवं होतं. ते वीतभर नाही, पण चार बोटं तरी अलीकडेच थांबलं होतं.

तिनं पुन्हा मोजलं. मग खात्रीसाठी आणखी एकदा मोजलं.

"भरलेली आहे," ती म्हणाली.

पोस्टमास्तरांनी डोळे उघडले, चादर बाजूला केली आणि अर्ध्या दाढीनिशी उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

"भरलेली म्हणजे?" सलूनवाल्यानं विचारलं.

"दारू आणि गोळी. आत ठासलेली आहे. त्या रखवालदारानं भरून ठेवली असेल आणि तशीच तुमच्या सासऱ्याला दिली असेल."

"पण मी रोज..." तो मोडक्या खुर्चीवर वर्तमानपत्रांच्या ढिगावरच बसला. "रोज चाप ओढतो मी. पोस्टमास्तरांवर, बँकेच्या साहेबांवर. आमच्या हिच्यावर. लहान नातीवर, अहो! जावयावर तर दोनदा."

"दोनदा कशाला?" बाहेरून पोस्टमास्तरांनी विचारलं.

"पहिल्यांदा तो दचकला नाही."

आक्कानं हसू लपवायला मान खाली घातली. तिनं पिन उचलून नाकाशी धरली. सुगंधी तेलाचा वास. "तेल कुठलं घालायचात?"

"डोक्याचंच. मालिशचं. कानात दोन थेंब जास्त सोडायचो, घोडा कुरकुरू नये म्हणून."

"त्या तेलानंच बुजला होता कान. तेवढ्यानंच वाचलात सगळे."

आणि तो आत्ताच मोकळा करून झाला होता. तिच्या पिनेनं. हे तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण तिनं वळून सूतभरांकडे पाहिलं आणि त्यांना ते कळलेलं होतं. ते पांढरेफटक पडले होते. काळं झालेलं बोट त्यांनी अंगापासून लांब धरलं होतं, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले. "पोरांना आयुष्यभर सांगत आलो, हात घालण्याआधी मेन स्विच बघा. नवं पोर आलं की पहिलं वाक्य तेच. आणि मी... मी बघितलंच नाही, आक्का."

"अहो, तुम्हाला काय माहीत बंदुकीचं."

"यंत्र ते यंत्र." ते उठले. "नको घ्यायला. डोकं गेलं माझं आता. चल घरी."

झालं. तीन दिवस जे 'नाही' तिच्या तोंडातून निघत नव्हतं, ते त्यांनी स्वतःच म्हणून टाकलं होतं. तिला आता काही बोलायलाही नको होतं, नुसतं त्यांच्यामागून चालत घरी जायचं होतं. आणि आक्काच्या छातीत धस्स झालं ते त्या वेळी. मघाशी अंगठा घोड्याखाली घालताना झालं नव्हतं इतकं.

"घ्यायची की नाही ते नंतर," ती म्हणाली. "ही अशी इथं सोडून जायचं का? रिकामी नको करायला?"

"मी नदीत टाकतो," सलूनवाला म्हणाला. "आत्ता जातो."

"नदीत टाकू नका," सूतभर लगेच म्हणाले. "उद्या कुणाच्या जाळ्यात येईल." आणि जरा वेळानं, तिच्याकडे न बघता, "कशी रिकामी करतात?"

"आधी पाणी. दारूचा चिखल होऊ द्यायचा. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून गोळीत फिरवायचा, शिसं मऊ असतं, रुततो, आणि ओढायचं. ह्या टोकाला आटे आहेत ते त्यासाठीच. पण तो स्क्रूचा तुकडा हरवलाय."

सूतभरांनी गज हातात घेतला. आट्यांवरून नख फिरवलं. गज काखेत मारून ते दाराबाहेर पडले, पोस्टमास्तरांच्या बाजूनं वळून दिसेनासे झाले.

आक्कानं मागच्या बाजूला नेऊन नळीत पाणी ओतलं, कानातही ओतलं, आणि रायफल कोपऱ्यात उभी केली. तिच्यावर कुणी वाकू नये म्हणून मध्ये स्टूल ठेवलं आणि स्वतः त्यावर बसली. पोस्टमास्तर हळूच आत आले, उरलेली दाढी करून घ्यायला. सलूनवाल्याचा हात थरथरत होता.

"माझा गळा आहे बरं का तो," पोस्टमास्तर म्हणाले.

"बंदुकीतून वाचलात, वस्तऱ्याला काय घाबरता?"

दाढी झाली. पोस्टमास्तर गेले. सलूनवाल्यानं चहा मागवला, तो थंड झाला. सूतभर आले नाहीत.

"घरी गेले की काय?" सलूनवाला म्हणाला.

आक्कानं दाराकडे बघितलं. तिला पलंगाखालचे बूट दिसत होते. गज काखेत धरून माणूस घरी जाईल, कोपऱ्यात टेकवेल आणि आडवा होईल. कुणी विचारलं तर म्हणेल, काही नाही. मीच पिन दिली. मीच ओरडले, चारचौघांत, त्यांच्यादेखत. दुसऱ्या कुणा बाईनं 'हो' म्हटलं असतं, किंवा सरळ 'नाही'. तिचं मन असं फिरत राहिलं, आणि दाराच्या काचेवर येणाजाणाऱ्यांच्या सावल्या पडत राहिल्या, त्यांतली एकही त्यांची नव्हती.

आली तेव्हा ती पळतच आली.

"ह्याच्याएवढे आटे, आटे पाडायच्या कुठल्याच टॅपला बसत नाहीत," गजाच्या टोकाला बसवलेला नवा स्क्रू पुढं करत सूतभर दारातूनच म्हणाले. "जुनं माप आहे. हातानं कापावे लागले." त्यांचे हात काळे होते, शर्टावर तेलाचा डाग होता, आणि त्यांच्याबरोबर लेथवरच्या कटिंग ऑइलचा तो वास आत आला, जो आक्कानं आयुष्यभर साबणानं धुऊन काढला होता आणि गेल्या कित्येक महिन्यांत ज्याचा मागमूसही घरात नव्हता. ते आपल्या जुन्या हाताखालच्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. ज्या रस्त्यावर ते वर्कशॉप होतं तो रस्ताही ते इतके दिवस टाळत होते. "त्याचं मशिन दोन सूत बाहेर चालतंय. सांगितलं त्याला."

रायफल त्यांनी दोघांनी मिळून आडवी धरली. तोंड भिंतीच्या कोपऱ्याकडे, मध्ये गज ओढण्याएवढी जागा ठेवून. "तू बाजूला हो," सूतभर म्हणाले. "तुम्हीच बाजूला व्हा, तोंडासमोर हात नको," आक्का म्हणाली. सलूनवाल्याला त्यांनी रस्त्यावर हाकललं. गज फिरवताना आतून करकर ऐकू येत होतं. पाणी घातलंय, दारू मेलीय, काही होणार नाही, हे आक्का स्वतःला सांगत होती आणि स्वतःवर तिचा विश्वास बसत नव्हता. एकदा गज सुटला. दुसऱ्यांदा सुटला. तिसऱ्यांदा सूतभरांनी दम धरून ओढला आणि गोळी बाहेर आली. करड्या रंगाची, एका बाजूनं चपटी, कुजक्या फडक्यात गुंडाळलेली. तिच्यामागून काळा चिखल ओघळला.

दोघंही जमिनीवरच बसले.

मग नळी धुऊन, पुसून झाली. आक्कानं सलूनवाल्याचा मागून केस दाखवायचा आरसा घेतला, दारातलं ऊन नळीत सोडलं आणि एक डोळा मिटून आत बघितलं. तोंडापासून मधोमधपर्यंत पेच सुंदर होते, वळत वळत गेलेले. पण तळाशी, जिथं दारू इतकी वर्षं बसून राहिली होती, तिथं लोखंड खाल्लेलं होतं. देवीच्या व्रणांसारखे खड्डे, एकात एक मिसळलेले. असल्या जागेला वडील 'किडका दात' म्हणायचे. दादाच्या हातात फाटलेली नळी तिथंच फाटली होती.

"काय दिसतंय?" सूतभरांनी विचारलं. त्यांचा आवाज नको इतका साधा होता. "उडवता येईल?"

नंतर सांगू, असं तिच्या मनात येऊन गेलं. घरी नेऊ, चार महिने चीर बसवू दे, घोडा बसवू दे, मग सांगू. पण त्यांनी हातानं आटे कापले होते. एवढं केलेल्या माणसाला खोटं माप कसं द्यायचं?

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. तळ गेलाय."

सूतभरांनी आरसा घेतला, स्वतः बघितलं. पुष्कळ वेळ बघत राहिले. "मग घ्यायची कशाला?" ते म्हणाले.

आक्काजवळचं खरं उत्तर तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. "चीर बसवायला," ती म्हणाली. "आणि घोडा. तुम्हीच म्हणालात ना, बसवता येईल. बाकीचं मला माहीत नाही. मी घेणार. तुम्हाला नको असेल तर मी बसते चोळत."

सलूनवाला तर रायफल दुकानातून जावी म्हणून उतावीळ झाला होता, पैशांचं बोलणंही त्यानं अर्ध्यावर तोडलं. निघताना आक्कानं सूतभरांनी वर्कशॉपमधून आणलेला पाना मागून घेतला, कानाचा तुकडा आट्यांतून फिरवून काढला आणि पर्समध्ये टाकला; तो नसला की बंदूक उडत नाही. सूतभरांनी ते पाहिलं. रस्ताभर त्यांची नजर तिच्या पर्सकडे जात राहिली, आणि तेच तिला घाबरवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली तेव्हा शेजारची गादी रिकामी होती. इतके महिने तिनं ह्याच रिकाम्या गादीसाठी जीव टाकला होता, आणि आता ती दिसताच तिला आधी पर्समधला कान आठवला. पलंगाखाली बूट नव्हते. ती तशीच, केस न बांधता, मागच्या दारी धावली.

सूतभर पायरीवर बसले होते. घोडा सुटा करून वर्तमानपत्रावर मांडला होता, एकेक स्क्रू आपापल्या जागी. त्यांनी वर बघितलं नाही.

"हा मधला स्क्रू कुणीतरी चुकीच्या मापाचा घातलाय," ते म्हणाले. "नवा करावा लागेल. त्याला आधी मशिन सूतात आणायला सांगतो." मग कानशीचे दोन हात मारून, "तो कान दे ना. नुसता बघतो."

"नाही."

"घालत नाही गं. माप घ्यायचंय."

"माप मी घेऊन देईन."

"तू? तू सूतभर चुकशील."

"चुकेन," आक्का दाराच्या चौकटीला धरून म्हणाली. "पण देणार नाही."

सूतभरांनी मान हलवली, जिभेचं टोक ओठांत आणलं आणि पुन्हा कानशी उचलली. "उद्या विचारीन," ते म्हणाले.